तू कधी म्हणालाच नाहीस

जूनच्या त्या आठवड्यात हामामात्सुमधल्या एकाही घरात एकही कपडा धड वाळत नव्हता. दिवसभर रिपरिप, रात्रभर रिपरिप, आणि बाल्कनीत टांगलेल्या टॉवेलांना शेवाळासारखा वास. शेवटी चिगुसा नोझुएने कंटाळून सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबलं आणि ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली. यंत्रात नाणी टाकली, कपडे गरगरायला लागलेले पाहिले, आणि समोरच्या दुकानात कॉफी प्यायला जाऊन बसली. तिथे खिडकीवरून ओघळणारं पाणी बघता बघता ती स्वतःलाच विसरली.

परत आली तेव्हा यंत्र रिकामं होतं, आणि बाकावर बसून एक तरुण तिच्या ब्लाऊजची कॉलर हाताने सारखी करत होता.

आता, या गावात दुसऱ्याच्या कपड्यांना कोणी हात लावत नाही. यंत्र हवं असेल तर समोर उभं राहायचं, घड्याळ बघायचं, सुस्कारे टाकायचे. फारच नड असेल तर मनातल्या मनात माफी मागत, दोन बोटांनी उचलून टोपलीत ठेवायचे. या बाबाने तर घड्याच घातल्या होत्या. टॉवेलांवर टॉवेल, चादरीवर चादर, कोपऱ्याला कोपरा.

“ते... माझे आहेत,” चिगुसा म्हणाली.

त्याने वर पाहिलं. असेल तिच्याच वयाचा. कपाळावर चिकटलेले ओले केस, मोठे हात, आणि चेहरा असा, की मागच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला असावा. मग त्याने तोंड उघडलं.

“अगोबाई! तुझेच का गं हे? केव्हाचे वाळून पडले होते. म्हटलं, चुरगळून जातील बिचारे.”

चिगुसा रागवायच्या तयारीनेच आली होती, पण राग ठेवावा कुठे तेच तिला कळेना. तरुण माणसाच्या तोंडातून कुणाची तरी पणजी बोलत होती. असं बोलणारी शेवटची बाई तिने शाळेत असताना पाहिली होती, आणि ती बाई तेव्हाच नव्वदीला टेकलेली होती.

“तुम्ही परक्या माणसाच्या कपड्यांना हात लावलात?”

“मग काय तसेच टाकू?” त्याने अगदी निरागसपणे विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आतले कपडे टॉवेलच्या पोटात ठेवलेत हो. डोळे मिटून.”

“डोळे मिटून इतक्या नीट घड्या?”

“सवय आहे. घरात बहिणीच बहिणी.”

हसायचं नाही असं चिगुसाने ठरवलं होतं. ते ठरवणं फार वेळ टिकलं नाही.

त्याचं नाव काइओ मियाशिरो. जन्म ब्राझीलमधल्या सुझानो गावचा. पणजोबा बोटीत बसून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. हा विमानात बसून इकडे आला आणि मावशीच्या बेकरीत पाव भाजायला लागला. जपानी भाषा त्याला आजीने शिकवली होती, आजीला तिच्या आईने, आणि तिकडच्या शेतात त्या भाषेला नवा वारा कधी लागलाच नाही. तो फ्रिजला बर्फाची पेटी म्हणायचा आणि बुलेट ट्रेनला आगगाडी. नगरपालिकेत फोन केला की पलीकडची मुलगी त्याला ‘आजोबा, सावकाश सांगा’ म्हणायची आणि तो सावकाश सांगायचा.

पाऊस जुलैपर्यंत हटला नाही आणि चिगुसाचे कपडेही भलतेच मळू लागले. धुतलेल्या चादरी ती पुन्हा धुवायला आणते आहे, हे तिचं तिला ठाऊक होतं. काइओ दर वेळी आधीच आलेला असायचा, कागदात गुंडाळलेले चीजचे गरम गोल पाव घेऊन. दोघं बाकावर शेजारी बसायची, समोर दोघांचे कपडे आपापल्या काचेमागे गरगरायचे, आणि तो विचारायचा, “जेवलीस का गं नीट?” त्या ‘गं’वर तिने एकदा रीतसर हरकत घेतली. त्याने ती मान्य करून तिला आठवडाभर ‘अहो नोझुएबाई’ म्हटलं. मग तिनेच हरकत मागे घेतली.

पाऊस संपला, तशी दोघं लाँड्रीबाहेर पडली. सानारू तळ्याभोवती फिरायला लागली. तिने त्याला वाफाळत्या भातावरची भाजलेली वाम मासळी कशी खायची ते दाखवलं. त्याने तिला रविवारी नेउझा मावशीच्या गच्चीवर नेलं, जिथे निखाऱ्यांवर मांस भाजलं जायचं, गिटार वाजायची आणि सगळे एकाच वेळी बोलायचे. तिथे प्रत्येकाने तिचे दोन्ही गाल चुंबले. जी आयुष्यभर कमरेतून वाकूनच माणसांना भेटत आली होती, ती चिगुसा लाकडासारखी उभी राहिली. मग मावशीने तिच्या हातात लसणाच्या पाकळ्या आणि सुरी दिली, तेव्हा कुठे तिला काही सुचलं. निघताना काइओने तिला फोनवर आजी दाखवली. तिकडे नुकतं उजाडत होतं. आजीने तिला बारकाईने न्याहाळलं आणि मासे आवडतात का म्हणून विचारलं.

चिगुसाच्या जिवाची घालमेल सुरू झाली ती तिथून. त्याला ती आवडत होती का? रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरला होता आणि पलीकडे गेल्यावर सोडला नव्हता. पण भाजीवाल्याशी बोलतानाही तो भाजीवाल्याचा हात धरूनच ठेवायचा. निघताना तो तिच्या गालाला गाल लावायचा. पण तेवढंच मावशीच्या सासूलाही मिळायचं. या माणसाचं सगळंच उदार हाताचं. त्यातलं आपल्या वाट्याचं वेगळं काढायचं कसं?

तिच्या गावात प्रेमाला दार असतं आणि ते ठोठावावं लागतं. एकाने दुसऱ्यासमोर नीट उभं राहायचं आणि स्पष्ट म्हणायचं, ‘मला तू आवडतेस, माझ्याशी जुळशील का?’ दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं की त्या क्षणापासून दोघं एकमेकांची. शाळेतली पोरं व्यायामशाळेच्या मागे जाऊन म्हणतात, मोठी माणसं स्टेशनबाहेर म्हणतात, पण म्हणतात. तोवर कितीही फिरा, कितीही वाम खा, ते नुसतं फिरणं आणि नुसती वाम.

चिगुसा वाद्यांच्या दुकानात नोकरीला होती. शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या इनागाकीबाईंचं आयुष्य बासऱ्या आणि क्लॅरिनेट पुसण्यात गेलं होतं आणि अशा बाबतीत त्या निकाल चटकन द्यायच्या.

“म्हणाला का?” त्यांनी विचारलं.

“नाही अजून.”

“मग काही नाही. माझा नवरा इतका मुखदुर्बळ, जेवताना मीठ मागायचा नाही. पण तोसुद्धा म्हणाला होता. रेल्वेच्या फाटकाशी. गाडी धडधडत गेली, मला ऐकूच आलं नाही, तर पुन्हा म्हणाला.”

चिगुसाने मग आपल्या बाजूने कसूर ठेवली नाही. म्हणायला सोयीच्या जागा तीच शोधू लागली. बेंतेनजिमाच्या किनाऱ्यावर आतषबाजी चालली होती, लाल-सोनेरी उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडत होता. तो तिच्याकडे वळला... आणि म्हणाला, “भूक लागली गं.” देवळामागच्या निर्मनुष्य पायऱ्यांवर तिने त्याला बसवलं, तर त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सुखाने झोपून गेला. झोपलेला माणूस फारच गोड दिसत होता, पण म्हणत काही नव्हता.

ऑक्टोबर सरता सरता दुकानातल्या त्सुगे साहेबांनी तिला बोलावलं. लांब उत्तरेकडे सेंदाईला नवी शाखा निघते आहे, तुमच्यासारखं माणूस तिथे हवं, विचार करून शुक्रवारी सांगा. साहेबांच्या ‘विचार करा’मध्ये विचाराला फारशी जागा नसते, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. तरी एखादं ठोस कारण असतं तर नाही म्हणता आलं असतं. कारण पुढ्यात बसून पाव खात होतं आणि ‘मी तुझा आहे’ एवढं काही म्हणत नव्हतं.

गुरुवारी ती बेकरीत गेली. काइओच्या भुवयांवर पीठ होतं.

“समजा...” ती म्हणाली, “मी कुठे लांबच्या गावी गेले तर?”

“तर मी पावाची टोपली डोक्यावर घेऊन मागोमाग येईन,” तो हसून म्हणाला आणि तिच्या नाकाला पीठ लावून भट्टीकडे वळला.

लाडाने बोलणं त्याला श्वास घेण्याइतकं सोपं. त्यावर कुणी नोकरी थोडीच ठरवतं? शुक्रवारी चिगुसाने साहेबांना सांगितलं, जाते. सांगून जागेवर आली आणि दुपारभर एकच बासरी पुसत बसली.

रविवारी तळ्याकाठी वारा सुटला होता. हामामात्सुचा तो कोरडा, बोचरा वारा, जो नोव्हेंबरात येतो आणि मार्चपर्यंत कुणाची टोपी डोक्यावर राहू देत नाही. बदकं काठाला बिलगून बसली होती. चिगुसाने अर्धं तळं चालून होईपर्यंत वाट पाहिली, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. सेंदाई, नवी शाखा, जानेवारी.

काइओ थांबला.

“कधी ठरलं?”

“परवा.”

“आणि मला आज सांगतेस?”

“तुला... आधी सांगायला हवं होतं का?”

तो बाकावर बसला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, “आमच्याकडे याला सोडून जाणं म्हणतात, चिगुसा.”

‘गं’ नव्हतं.

“सोडून जायला... आधी धरलेलं असावं लागतं ना काहीतरी,” ती म्हणाली.

“धरलेलं नाही? मग जूनपासून मी काय धरून बसलोय?”

“तू सगळ्यांचेच हात धरतोस. भाजीवाल्याचाही धरतोस.”

“भाजीवाल्याला मी आजीला दाखवलाय का?” काइओचा आवाज चढला. “रविवारी तुझं तोंड बघायला ती अंधारात उठून बसते. नातसून मासे खाते म्हणून गावभर सांगून आलीये. आणि मावशीने तुला पहिल्याच दिवशी लसूण दिला चिरायला. पाहुणीला कुणी लसूण देतं का गं?”

चिगुसा बघतच राहिली. तिला आपलं वाटलं होतं, मावशीकडे हात कमी पडले असतील.

“मग तू म्हणाला का नाहीस?” तिच्या तोंडून निघून गेलं, इतकं मोठ्याने, की दोन बदकं पाण्यात उतरली. “आतषबाजी झाली, देऊळ झालं, सगळं झालं... तू कधी म्हणालाच नाहीस.”

“काय म्हणायचं?”

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं, निव्वळ प्रश्न होता. आणि मग, वाऱ्यात केस सावरत, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत, चिगुसाला त्याला ते सगळं समजावून सांगावं लागलं. इथे म्हटल्याशिवाय काही सुरूच होत नाही. कुणीतरी म्हणावं लागतं, कुणीतरी हो म्हणावं लागतं, आणि तोवर दोघं एकमेकांची कुणी नसतात. सांगताना तिचं तिलाच ते जरा कसंसंच वाटलं, पण तिने शेवटपर्यंत सांगितलं.

काइओने ते तोंड उघडं टाकून ऐकलं.

“म्हणजे इतके महिने मी तुझा... कोण होतो?”

“ओळखीचा,” चिगुसा कशीबशी म्हणाली.

“अगोबाई,” तो म्हणाला. ते इतकं हळू आणि इतकं दुखावलेलं होतं, की तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

“आमच्याकडे नाही कोणी असं म्हणत,” तो म्हणाला. “दिसतंच की. ज्याच्या घरी रविवारचं जेवलीस त्याची तू. मी म्हणायचो, किती शांत प्रेम करते ही पोरगी. एका शब्दाने काही मागत नाही.”

“मी मागतच होते. जागा बदलून बदलून मागत होते.”

“त्या देवळाच्या पायऱ्या?”

“हो.”

“अरे देवा. मी तिथे घोरलो.”

तो उठला. कोट झटकला, तिच्यासमोर पाय जुळवून उभा राहिला आणि तोंड उघडून तसाच राहिला. मग ओशाळून म्हणाला, “शब्दच नाहीत गं माझ्याकडे. आजीने मला तांदूळ धुवायला शिकवलं, शिव्या शिकवल्या, आजारी माणसाची चौकशी कशी करायची ते शिकवलं. हे नाही शिकवलं. पोर्तुगीजमध्ये म्हणू? नाहीतर तू सांग, मी मागून म्हणतो.”

चिगुसाने मान हलवली. सांगून म्हणायची ही गोष्ट नव्हे. समोर तो उभा होता, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेला, ज्याने कधी काही लपवलं नव्हतं आणि ज्याला तिने इतके महिने दाराबाहेर उभं ठेवलं होतं. दार तो ठोठावत नाही म्हणून ती आत बसून राहिली होती. पण कडी तर आतूनच असते, आणि ती काढायला मनाई कुणी केली होती? व्यायामशाळेच्या मागे मुलीसुद्धा म्हणतातच की. तिला भीती वाटत होती, एवढंच खरं कारण होतं. तो नाही म्हणाला तर काय, ही भीती.

तिने कोटाच्या खिशातून हात बाहेर काढले, पाय जुळवले आणि ताठ उभी राहिली.

“काइओ मियाशिरो,” ती म्हणाली. आवाज थरथरला, तिने तो थरथरू दिला. “मला तू आवडतोस. तू माझे टॉवेल घडी केलेस त्या दिवसापासून आवडतोस. माझ्याशी... जुळशील का?”

आणि रीतीप्रमाणे ती कमरेत वाकली.

वर पाहिलं तर काइओच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम बदललं होतं. ज्याला हे म्हणणं काल ठाऊकही नव्हतं, त्याला ते ऐकणं काय असतं ते आज कळलं होतं. त्याने डोळे पुसले, तेही मनगटाने, पीठ लागलेल्या हातांच्या सवयीने.

“हो,” तो म्हणाला. “पण हे ‘हो’ जूनपासूनचं धर.”

मग त्याने तिला मिठीत घेतलं. तळ्याकाठी माणसं होती, कुत्री फिरवणारी, धावणारी, आणि चिगुसाने आयुष्यात पहिल्यांदा कोण बघतंय ते पाहिलं नाही. त्याच्या कोटाला भाजलेल्या चीजचा वास होता. तिला फार, फार बरं वाटलं.

“सेंदाईला पाव खात असतील ना?” तो तिच्या केसांत म्हणाला. “मी येतो. मावशी चिडेल, पण येतो. सांगितलं होतं की गुरुवारी.”

ते लाडाचं बोलणं नव्हतं तर. चिगुसाने डोकं वर केलं.

“मला जायचंच नाहीये,” ती म्हणाली. “नाही म्हणायला काही नव्हतं म्हणून हो म्हणाले. उद्या मला विचारून तरी बघू दे.”

विचारून बघणं म्हणायला सोपं. दिलेला होकार परत घेणं त्या दुकानात आजवर कुणी केलं नव्हतं. सोमवारी सकाळी चिगुसा गडद निळा सूट घालून, हातात मिठाईचा खोका घेऊन त्सुगे साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि इतकी वाकली, की केस टेबलाला लागले. सेंदाईला मला जाता येणार नाही, शुक्रवारी हो म्हणाले ती माझी चूक झाली, क्षमा असावी. दुकानात सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि सगळ्यांचे कान वर. इनागाकीबाईंच्या हातातली क्लॅरिनेट पुसून पुसून चकाकत होती, तरी त्या पुसतच होत्या.

साहेबांनी मिठाईचा खोका बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, “काही कारण?”

अशा वेळी म्हणायचं एक वाक्य सगळ्यांच्या खिशात तयार असतं. घरगुती अडचण आहे. मग पुढे कोणी विचारत नाही. आईचं दुखणं असेल, बापाचं असेल, ज्याने त्याने समजून घ्यायचं. चिगुसाने तेच म्हणायला तोंड उघडलं. पण काल एकदा खरं बोलून झालं होतं आणि त्याची चव तोंडात अजून होती.

“मी एका माणसावर प्रेम करते, साहेब,” ती म्हणाली. “तो इथे राहतो. मला त्याच्याजवळ राहायचंय.”

क्लॅरिनेट पुसण्याचा आवाज थांबला. त्सुगे साहेबांचे कान हळूहळू लाल झाले. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. उभ्या नोकरीत असलं कारण त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं, आणि ते कोणत्या रकान्यात बसवावं याचा ते मनापासून विचार करत होते.

“म्हणजे...” ते शेवटी खाकरून म्हणाले, “घरगुतीच.”

“हो, साहेब.”

“मग सेंदाईला तसंच कळवतो.”

चिगुसा पुन्हा कमरेत वाकली. या खेपेला वर यायला तिने बराच वेळ घेतला, कारण हसू आवरल्याशिवाय साहेबांसमोर तोंड वर करणं बरं दिसलं नसतं.